पैशात लोळणारी इंग्रजी : श्रीमंतीचे आणि मुबलकतेचे बोलीतले वाक्प्रचार कसे शिकावेत

पुण्यात एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने ब्रिटनमधल्या ग्राहकाला पाठवायच्या मेलचा मसुदा मला तपासायला दिला होता. त्यातले एक वाक्य असे होते : 'सिन्स युअर कंपनी इज रोलिंग इन इट, बजेट शुड नॉट बी अ प्रॉब्लेम.' व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती आणि 'रोलिंग इन इट' म्हणजे पैशात लोळणे हेही त्याने बरोबर जाणले होते. मी त्याला ते वाक्य मराठीत म्हणून दाखवायला सांगितले. 'तुमची कंपनी पैशात लोळते आहे, तेव्हा बजेटची अडचण येऊ नये,' असे तो म्हणाला आणि स्वतःच हसला. 'पण सर, अर्थ तर हाच आहे ना?' अर्थ हाच होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

श्रीमंतीविषयीचे वाक्प्रचार शिकताना आपण अर्थाची यादी पाठ करतो आणि तिथेच थांबतो. वास्तविक हे शब्दप्रयोग बहुतेक वेळा तिसऱ्या माणसाबद्दल, त्याच्या पाठीमागे, थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा असूयेने बोलले जातात. त्यामुळे त्यांचा अर्थ समजणे सोपे आणि ते योग्य तोंडी घालणे अवघड असते. पुढे दिलेला क्रम मी वर्गात वापरतो, आणि त्यात अर्थाला मुद्दामच पहिले स्थान दिलेले नाही.

पहिली पायरी : कोण, कोणाबद्दल, कोणासमोर

नवा वाक्प्रचार कानावर पडला की त्याचा अर्थ लिहून घेण्याआधी बोलणारा कोण, विषय कोणाचा आणि ऐकणारा कोण, या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. 'ही इज लोडेड' हे वाक्य दोन मित्र तिसऱ्याबद्दल सहज बोलतात, आणि आपल्याकडच्या 'गब्बर आहे तो' याच्याइतकीच त्याची पत आहे. 'आय ॲम लोडेड' असे मात्र शहाणा माणूस म्हणत नाही. शिवाय अमेरिकेत 'लोडेड' म्हणजे दारू चढलेला असाही अर्थ होतो, त्यामुळे ते वाक्य ऐकणाऱ्याची दुहेरी करमणूक होण्याची शक्यता असते.

'फिल्दी रिच' आणि 'स्टिंकिंग रिच' यांत तर घाण आणि दुर्गंधी उघडच आहेत. पैशाला मळकट म्हणण्याची ही सवय इंग्रजीत जुनी असून, विल्यम टिंडेल यांनी १५२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतरात 'फिल्दी ल्यूकर', म्हणजे मलिन धन, हा शब्दप्रयोग आढळतो. आज हे शब्द हसत हसत वापरले जातात, तरीही ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्या समोर ते वापरू नयेत.

याच्या उलट टोकाला 'कम्फर्टेबल' हा शब्द आहे. एखादा ब्रिटिश गृहस्थ आपल्या सासुरवाडीबद्दल 'दे आर कम्फर्टेबल' एवढेच म्हणाला, तर त्यांची परिस्थिती बेताची पण बरी असावी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तिथे दोन बंगले आणि घोड्यांचा तबेला असू शकतो. 'खाऊनपिऊन सुखी आहेत' असे आपल्याकडचे जुने लोक बागाईतदाराबद्दल म्हणतात, तोच हा सूर आहे. स्वतःबद्दल किंवा समोरच्याच्या घराबद्दल बोलताना वापरता येण्यासारखा हा जवळजवळ एकमेव शब्द म्हणावा लागेल. 'वेल ऑफ', म्हणजे सुस्थितीतला, हाही निरुपद्रवी आहे, पण तोसुद्धा तिसऱ्याबद्दल वापरलेला बरा.

स्वतःबद्दल बोलताना चालणारे प्रयोग बहुधा नकाराचे असतात. 'डू यू थिंक आय ॲम मेड ऑफ मनी?' हे वाक्य इंग्रज आईबाप मुलांना ऐकवतात, आणि 'मनी डझन्ट ग्रो ऑन ट्रीज' हे त्याचे भावंड आहे. आपल्या घरातले 'पैसे काय झाडाला लागतात?' हे वाक्य ज्या आवाजात म्हटले जाते, त्याच आवाजात ही दोन्ही वाक्ये म्हणावीत.

दुसरी पायरी : मराठी जोडी शोधावी आणि ती पारखून घ्यावी

शब्दकोशातला अर्थ चार दिवसांत विसरतो, पण आजीच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाशी बांधलेला अर्थ टिकतो. पैशाच्या बाबतीत तर मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांनी काही ठिकाणी एकच चित्र काढले आहे. 'रोलिंग इन इट' आणि 'पैशात लोळणे' ही जोडी वर आलीच. 'रेकिंग इट इन' म्हणजे दाताळ्याने ओढून गोळा करणे. मराठी माणूस 'खोऱ्याने पैसा ओढतो'. अवजार बदलले तरी ओढण्याची क्रिया तीच राहिली, आणि दोन्हीकडे सुचवायचे असते ते हेच, की ही कमाई सध्या जोरात चालू आहे. पूर्वी कधीतरी कमावून ठेवलेल्या संपत्तीला 'रेकिंग इट इन' लागू पडत नाही, जसे वडिलार्जित वाड्यात बसून राहिलेल्या माणसाबद्दल आपण 'खोऱ्याने ओढतो' असे म्हणत नाही.

'टु मेक अ मिंट', म्हणजे बक्कळ पैसा कमावणे, यातला 'मिंट' हा पुदिना नसून टांकसाळ आहे, हे वर्गात दरवेळी सांगावे लागते. रोममध्ये जुनो मोनेटा या देवीच्या मंदिराजवळ नाणी पाडली जात. तिच्या नावावरून 'मिंट' आणि 'मनी' हे दोन्ही शब्द आले. 'टांकसाळ उघडली आहे का?' असे आपण विचारतो, त्याला इंग्रजीत 'अ लायसन्स टु प्रिंट मनी', म्हणजे नोटा छापण्याचा परवाना, हा प्रयोग जुळतो. कॅनडात जन्मलेले वृत्तपत्रमालक रॉय टॉमसन यांना १९५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये व्यापारी दूरचित्रवाणीचा परवाना मिळाला, तेव्हा त्यांनी त्याचे असेच वर्णन केले होते. त्यांच्यामुळे हा प्रयोग गाजला आणि आजही तो एखाद्या धंद्याबद्दल किंवा ठेक्याबद्दल वापरला जातो, माणसाबद्दल सहसा नाही.

मला सर्वांत आवडणारी जोडी 'पैशाला पासरी' ही आहे. पासरी म्हणजे पाच शेर; एका पैशात पाच शेर मिळेल इतकी वस्तू स्वस्त आणि म्हणून किमतीला हलकी. अमेरिकन माणूस यालाच 'अ डाइम अ डझन' म्हणतो, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याला डझनभर, आणि ब्रिटिश माणूस 'टेन अ पेनी' म्हणतो. तिन्ही भाषिकांनी बाजारातल्या दराची पाटीच उचलून आणली आहे. हा मुबलकतेचा वाक्प्रचार असला तरी त्यात कौतुक नाही, हे ध्यानात ठेवावे. 'हल्ली इंजिनिअर पैशाला पासरी झाले आहेत' या वाक्यात इंजिनिअरांचा सन्मान होत नाही, तसाच तो 'इंजिनिअर्स आर अ डाइम अ डझन' यातही होत नाही. एका विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयाची जाहिरात लिहिताना तिथले हुशार प्राध्यापक 'अ डाइम अ डझन' असल्याचे लिहिले होते. तिला विपुलता सांगायची होती, आणि वाचणाऱ्याला अवमूल्यन दिसले.

काही जोड्या मात्र अर्धवट जुळतात, आणि तिथेच पाय घसरतो. आपण म्हणतो, 'तोंडात सोन्याचा चमचा घेऊन जन्मला.' इंग्रजीत तो चमचा चांदीचा आहे : 'बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून इन हिज माउथ'. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याने बाळाला चांदीचा चमचा भेट देण्याची प्रथा ख्रिस्ती घरांत होती, त्या चमच्याशी हा प्रयोग जोडला जातो. आपण चांदीवर न भागता सोन्यावर गेलो, ही आपली हौस म्हणावी. पण इंग्रजीत 'गोल्डन स्पून' म्हटले की वाक्प्रचार मोडतो.

'नवकोट नारायण' याला 'रिच ॲज क्रीसस' हा प्रयोग चालतो. क्रीसस हा आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या लिडिया राज्याचा राजा होता. सोन्याच्या राशींसाठी त्याचे नाव झाले, आणि इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इराणच्या सायरसने त्याचे राज्य घेतले. हा प्रयोग आता पुस्तकी वाटतो. गप्पांमध्ये तो आला तर थोडा विनोदी ढंग घेऊन येतो.

ज्यांना जोडीच नाही ते मराठी वाक्प्रचार भाषांतरित करण्याच्या फंदात पडू नये. 'घरी लक्ष्मी पाणी भरते' किंवा 'सोन्याचा धूर निघतो' यांचे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणाऱ्याला पहिल्यात मोलकरीण आणि दुसऱ्यात आग एवढेच दिसेल.

तिसरी पायरी : साचा जसाच्या तसा घ्यावा

वाक्प्रचार हा शिजलेला भात आहे. त्यात नंतर तांदूळ घालता येत नाहीत. 'रोलिंग इन इट' नेहमी चालू काळात येते. 'ही रोल्स इन इट' असे कोणी म्हणत नाही. 'डीप पॉकेट्स', म्हणजे हाताशी भरपूर पैसा, हे अनेकवचनातच हवे आणि त्याच्याआधी 'हॅव' हवे. 'ही हॅज अ डीप पॉकेट' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शिंप्याने शिवलेला खोल खिसा येतो. हा प्रयोग विशेषतः संस्थांबद्दल, विमा कंपन्यांबद्दल आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांबद्दल वापरला जातो, कारण ज्याच्याकडून पैसे वसूल होऊ शकतात त्याच्यावरच दावा लावण्यात वकिलाला रस असतो. ब्रिटनमध्ये याला जोडून 'डीप पॉकेट्स अँड शॉर्ट आर्म्स' असेही म्हणतात : खिसे खोल, पण हात आखूड, म्हणजे पैसा आहे आणि दानत नाही.

'लोडेड' एकटेच वापरावे. त्याच्यापुढे 'विथ' लावले की तो मालाने भरलेला ट्रक होतो. 'मनी टु बर्न' हे 'हॅव' घेऊनच चालते, आणि त्यात पैसा जाळण्याइतका असण्याबरोबरच तो उडवण्याची वृत्तीही सुचवलेली असते. 'वेल-हील्ड', म्हणजे सधन, हे विशेषण नामाआधीही येते. 'वेल-हील्ड फॅमिलीज' असे वर्तमानपत्रातही छापलेले सापडेल. त्याचा अर्थ लक्षात ठेवायला त्याचे उलट रूप उपयोगी पडते : 'डाउन ॲट हील' म्हणजे ज्याच्या बुटाच्या टाचा झिजल्या आहेत असा माणूस.

'अ डाइम अ डझन' यातले दोन्ही 'अ' जागेवर ठेवावे लागतात. मराठीत उपपद नाही, त्यामुळे आपल्या कानाला ते गळलेले कळत नाही. त्यावर मोठ्याने दहा वेळा म्हणण्यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

चौथी पायरी : शब्द कोणत्या मातीतून आला ते पाहावे

अमेरिकन इंग्रजीतले अनेक प्रयोग खाणीतून वर आलेले आहेत. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीजवळ जेम्स मार्शल याला ओढ्याच्या पाण्यात सोन्याचे कण दिसले, आणि पुढच्या वर्षी तिथे माणसांची रीघ लागली. हे लोक पसरट तव्यासारख्या भांड्यात वाळू आणि पाणी घेऊन हलवत. माती वाहून जाई आणि जड सोने तळाशी राही. ज्या मातीत मेहनतीचा मोबदला निघेल इतके सोने असे, ती 'पे डर्ट'. म्हणून 'टु हिट पे डर्ट' म्हणजे खूप खणल्यावर अखेर घबाड हाती लागणे. मेहनत न करता लॉटरी लागली, तर तिथे 'हिट द जॅकपॉट' म्हणावे. 'टु पॅन आउट', म्हणजे एखादी गोष्ट फळाला येणे, हे त्याच भांड्यातून आले, आणि 'स्ट्राइक इट रिच' हेही खाणीचेच लेकरू आहे. एकदा ते भांडे डोळ्यांसमोर आले की हे तिन्ही प्रयोग वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

इंग्रजांच्या श्रीमंतीचे काही शब्द मात्र आपल्या मातीतून गेले आहेत, आणि मराठी वाचकाने इथे थोडे रेंगाळायला हरकत नाही. 'लूट' हा शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला. आता तिथल्या बोलीत 'लूट' म्हणजे सरळ पैसा किंवा सणाला मिळालेल्या भेटींचा ढीग. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, आणि त्यातला 'कुशी' हा सैनिकांच्या बोलीतून गेलेला आपला 'खूश' आहे.

'नेबॉब' हा तर नवाबच. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून अमाप पैसा घेऊन परतणाऱ्या आणि तिथे जमिनी व संसदेतल्या जागा विकत घेणाऱ्या माणसांना इंग्लंडमध्ये हिणवून 'नेबॉब' म्हणत. रॉबर्ट क्लाइव्ह हा त्यांतला सर्वांत गाजलेला. याच माणसांबद्दल 'शेकिंग द पगोडा ट्री' असा प्रयोग होता. पगोडा म्हणजे देऊळ नव्हे, तर दक्षिणेतले सोन्याचे नाणे. ज्याला आपण होन म्हणतो, आणि जे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या नावानेही पाडले गेले, त्याच जातीच्या नाण्याला युरोपीय लोकांनी हे नाव दिले होते. हिंदुस्थानात होनांचे झाड आहे, ते हलवावे आणि खाली पडतील ते वेचून मायदेशी जावे, असे ते चित्र होते. मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याने गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणीत सापडलेला एक मोठा हिरा ४८,००० पगोडांना विकत घेतला आणि १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला, हे वाचले म्हणजे झाड किती जोरात हलवले जात होते याची कल्पना येते. 'अ गोल्कोंडा' हाही शब्द त्या काळी संपत्तीची खाण या अर्थाने इंग्रजीत रुळला होता. हे प्रयोग आज बोलायचे नाहीत. पण जुने इंग्रजी लेखन वाचताना ते भेटतात. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात पगोडाच्या झाडाची नोंद आहे. पैसे झाडाला लागत नाहीत असे मुलांना सांगणाऱ्या लोकांना एके काळी ते झाड आपल्या अंगणात दिसत होते, एवढी गंमत मी वर्गात सांगतोच.

पाचवी पायरी : पैशापलीकडची मुबलकता

मुबलकतेच्या शब्दांत धोका कमी आणि उपयोग जास्त आहे, म्हणून नवशिक्याने बोलण्याची सुरुवात इथून करावी. 'लोड्स ऑफ' आणि 'टन्स ऑफ' हे रोजचे शब्द आहेत. 'रग्गड' किंवा 'बक्कळ' यांच्या जागी ते बिनधास्त येऊ द्यावेत. 'गलोर' थोडा नटवा आहे. तो आयरिश भाषेतून आला असून तिकडे त्याचा अर्थ पुरेसे, भरपूर असा आहे, आणि आयरिश वळणामुळेच तो नामाच्या नंतर बसतो. मे महिन्यात कोकणातल्या घरी 'मँगोज गलोर' असतात. 'गलोर मँगोज' कधीच नसतात.

जेव्हा मुबलकतेचा वीट आलेला असतो, तेव्हा 'कमिंग आउट ऑफ माय इअर्स' कामाला येते : कानांतून बाहेर पडेल इतके झाले. दिवाळीनंतर चौथ्या घरी चकली पुढे आली की मराठी माणसाला हाच प्रयोग हवा असतो. 'मोअर दॅन यू कॅन शेक अ स्टिक ॲट' हा अमेरिकन ग्रामीण ढंगाचा आहे. तो समजला तरी पुरे, आपल्या तोंडी तो उसना वाटतो.

सहावी पायरी : देश आणि वय

'डाइम' अमेरिकेचा, 'पेनी' ब्रिटनचा, हे वर आले. 'मिंटेड' आणि 'क्विड्स इन' ही ब्रिटिश बोली आहे. पहिल्याचा अर्थ गब्बर आणि दुसऱ्याचा अर्थ फायद्यात राहिलेला. 'लिव्हिंग हाय ऑन द हॉग', म्हणजे चैनीत राहणे, हा डुकराच्या मांसाच्या वरच्या, उंची भागावरून आलेला अमेरिकन प्रयोग आहे.

'ही इज नॉट शॉर्ट ऑफ अ बॉब ऑर टू' हे वाक्य विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. बॉब म्हणजे शिलिंग. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान नाणेपद्धती स्वीकारली आणि बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हा जुना हिशेब संपला, पण बोलण्यातला बॉब राहिला, जसे आपल्याकडे आणे गेले तरी 'सोळा आणे खरे' राहिले. दोन-चार शिलिंगांची कमतरता नाही असे म्हणायचे आणि सुचवायची मात्र लाखोंची मालमत्ता, हा ब्रिटिश आडवळणाचा नमुना आहे, आणि तो जास्त करून प्रौढांच्या तोंडी ऐकू येतो.

सातवी पायरी : वही

वहीच्या एका पानावर एकच वाक्प्रचार लिहावा. वर तो जसा ऐकला तसा पूर्ण वाक्यात, त्याखाली बोलणारा, विषय आणि ऐकणारा, मग मराठी जोडी, आणि शेवटी तो कोणासमोर वापरणार नाही याची नोंद. पहिले दोन महिने तो फक्त ऐकून ओळखावा आणि दुसऱ्याच्या तोंडून तीनदा ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नये. व्यावसायिक लेखनात तर यांपैकी 'वेल-हील्ड' आणि 'डीप पॉकेट्स' एवढेच, आणि तेही तिऱ्हाइताबद्दल, येऊ द्यावेत. गप्पांत एखादा प्रयोग कळला नाही, तर त्याच वेळी हसून विचारावे. आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ समजावून सांगायला बहुतेक माणसांना आवडते.

त्या मेलमधले वाक्य आम्ही शेवटी 'वी हॅव ट्राइड टु कीप द प्रपोजल विदिन द बजेट यू मेन्शन्ड' असे केले. 'रोलिंग इन इट' त्याने वहीत लिहिले, आणि 'कोणासमोर नाही' या ओळीत ग्राहकाच्या खाली स्वतःच्या बॉसचेही नाव घातले.